दोन मंडळांचें एक मंडळ

आमच्या शाळेच्या मैदानावर दर रविवारीं सकाळीं मुलांचीं दोन फुटबॉल मंडळें खेळावयास येतात. एक नदीकांठच्या आळीचें, दुसरें स्टेशनापलीकडील वस्तीचें. पहिल्यापाशीं गोलाचे खांब आहेत, दुसऱ्यापाशीं जाळें आहे. त्यामुळें एकमेकांवांचून दोघांचेंहि चालत नाहीं. गेल्या पावसाळ्यानंतर या दोन मंडळांनीं एक व्हावें असा विचार निघाला व तो अद्याप तडीस गेलेला नाहीं. एक पक्ष म्हणतो, "एक झालों तर जिल्ह्यांत आपल्या तोडीचा संघ सांपडणार नाहीं." दुसरा विचारतो, "मग आमच्या मंडळाचें नांव कोण घेणार?" दोन्ही पक्षांच्या मुलांनीं आमचें मत विचारलें. मत देण्यापूर्वीं विषयाचा अभ्यास करावा, ही शाळेची जुनी शिकवण आहे. तिला अनुसरून आम्ही कांहीं माहिती मिळविली, ती येथें विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों. हा प्रश्न आपल्याच गांवीं प्रथम उपजला आहे असें नाहीं. अमेरिका, इंग्लंड, इटाली, डेन्मार्क आणि आपला बंगाल येथें तो येऊन गेला आहे व त्याचीं गोड-कडू फळें तेथील लोकांनीं चाखलीं आहेत.

१. शब्दांचा अर्थ

प्रथम दोन शब्द नीट वेगळे करून घेतले पाहिजेत. कऱ्हाडास कृष्णा व कोयना या नद्या समोरासमोर येऊन मिळतात. पाणी दोघींचें, परंतु पुढें वाहते ती कृष्णाच. कोयनेचें नांव त्या घाटापाशीं संपतें. पुण्यास मुळा व मुठा मिळतात. तेथून पुढें मात्र लोक त्या प्रवाहाला मुळा-मुठा असें जोडनांवानें ओळखतात. दोन संस्था एकत्र येतात तेव्हां याच दोन तऱ्हा संभवतात. दोन्ही संस्था आपापलें कांहीं देऊन व कांहीं राखून तिसरी संस्था उभी करतात, तें एकीकरण. एक संस्था दुसरीला आपल्या पोटांत घेते व दुसरीचें नांव, झेंडा आणि कारभार मावळतो, तो ताबा. गंमत अशी कीं ताबा घेणारा त्याला ताबा असें सहसा म्हणत नाहीं. तोहि एकीकरणच म्हणतो. म्हणून विद्यार्थ्यांनीं जाहीरनाम्यांतील शब्दाकडे न पाहतां पुढच्या वर्षीं कोणतीं माणसें कारभारांत उरलीं तें पाहावें.

दुसरी गोष्ट मालकीची. क्लब जर भागभांडवलाची कंपनी असेल तर त्याचे भाग विकत घेऊन कोणासहि त्याचा धनी होतां येतें. इंग्लंडांत १८८८ सालीं बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ या फुटबॉल क्लबानें स्वतःला कंपनीचें रूप दिलें. असें करणारा तो पहिलाच क्लब होय. पुढें इतर क्लब त्याच वाटेनें गेले. मुलांचें मंडळ बहुधा असें नसतें. त्याला सभासद असतात, भाग नसतात. म्हणून त्याला विकत घेणें शक्य नसतें. अमेरिकेंत मुलांचे बहुतेक क्लब धर्मादाय संस्थांच्या वर्गांत मोडतात व त्यांची मालमत्ता कोणालाहि खासगी वांटून घेतां येत नाहीं. मग तेथें ताबा मिळतो कसा? तो कार्यकारी मंडळाच्या मार्गानें मिळतो. मोठ्या क्लबाचे पांच व लहान क्लबाचे दोन असे प्रतिनिधि नव्या मंडळांत बसले कीं पुढचा प्रत्येक निर्णय कोणत्या बाजूस झुकणार हें सांगावयास ज्योतिषी नको.

२. एक सोपें गणित

दोन मंडळें एक होऊं पाहतात यामागें केवळ हांव असते असें नाहीं. खरी अडचण असते. फुटबॉलास अकरा गडी लागतात. एक आजारी, एक परगांवीं गेलेला, एकाची परीक्षा, असें धरलें तर निदान पंधरा-सोळा मुलें हाताशीं पाहिजेत. लहान आळींत चौदा वर्षांखालील इतकीं मुलें नेहमींच मिळतात असें नाहीं. शिवाय चेंडू, बूट, मैदान, पंच, शिक्षक आणि परगांवच्या सामन्यास जाण्याचें भाडें हा खर्च दोन ठिकाणीं करण्यापेक्षां एका ठिकाणीं करणें स्वस्त पडतें.

आतां गणित मांडूं. समजा, एका मंडळांत चौदा वर्षांखालील १२ मुलें आहेत, दुसऱ्यांत १३ आहेत. दोन्ही मंडळें वेगवेगळीं असतांना एका रविवारीं २२ मुलें मैदानावर उतरतात. फक्त तीन बाहेर बसतात आणि त्यांनाहि मध्यंतरानंतर आंत घ्यावेंच लागतें. मंडळें एक झालीं, स्पर्धेच्या यादींत १८ नांवें गेलीं. मैदानावर ११ उतरले, ७ कडेला बसले. उरलेले ७ कोठें गेले? ते घरीं राहिले. पूर्वीं गोलरक्षक दोन होते, आतां एक पुरे. पूर्वीं कर्णधार दोन होते, आतां एक पुरे. संघ बळकट झाला यांत शंका नाहीं, कारण पंचविसांतले उत्तम अकरा निवडले गेले. परंतु खेळणाऱ्या मुलांची संख्या निम्म्यावर आली.

एकीकरणाच्या ठरावांत अठरा नांवांच्या यादीचा उल्लेख असतो. या सातांचा नसतो. आमच्या समजुतीप्रमाणें सगळ्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. ज्या मंडळांत दुसरा संघ काढून या सातांना व नव्या लहान मुलांना त्यांत घेण्याची ऐपत व इच्छा आहे, तेथें एकीकरण वाढीचें साधन होतें. जेथें ती नाहीं, तेथें तें मुलें गाळण्याची चाळण होतें.

३. अमेरिकेंतील अनुभव

अमेरिकेंत या खेळाला सॉकर म्हणतात, कारण फुटबॉल हें नांव तेथें दुसऱ्याच एका खेळानें पटकावलें आहे. १९६४ सालीं कॅलिफोर्नियांतील टॉरन्स गांवीं अवघ्या नऊ संघांनिशीं 'अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन' ही संस्था निघाली. तिचें एक ब्रीद असें कीं प्रत्येक मूल खेळलेंच पाहिजे; सामना कितीहि अटीतटीचा असो, यादींतील प्रत्येक मुलाला निदान अर्धा वेळ मैदानावर उतरविलें पाहिजे. असल्या संस्थांचा सगळा डोलारा आईबापांच्या विनामूल्य श्रमांवर उभा राहिला. कोणी रेघा आंखी, कोणी शिट्टी घेऊन पंच होई, कोणी मध्यंतरांत संत्रीं सोलून देई.

पुढें चढाओढ वाढली. २००७ सालीं तेथील राष्ट्रीय फुटबॉल संस्थेनें निवडक क्लबांच्या मुलांसाठीं 'डेव्हलपमेंट अकॅडमी' ही वरिष्ठ स्पर्धा सुरू केली. २००९ सालीं मुलींच्या निवडक क्लबांनीं आपली निराळी लीग काढली. २०२० सालीं महामारीच्या दिवसांत ती अकॅडमी बंद पडली व त्याच वर्षीं 'मेजर लीग सॉकर' या धंदेवाईक संघटनेनें मुलांसाठीं नवी स्पर्धा उभारली. या घडामोडींतील एक बारकावा ध्यानांत घेण्याजोगा आहे. अशा स्पर्धेचा प्रवेश मुलाला मिळत नाहीं, क्लबाला मिळतो. आणि क्लबाजवळ अनेक वयोगटांचे संघ असावे लागतात. ज्या क्लबाला प्रवेश मिळाला त्याच्याकडे आसपासचीं हुशार मुलें ओढलीं जातात. शेजारच्या लहान क्लबाचा मुख्य गडी गेला, मग त्याचा मित्र गेला, मग गोलरक्षक गेला. दोन हंगामांत त्या क्लबाच्या चालकांपुढें दोनच वाटा उरतात : दार लावणें, किंवा मोठ्या क्लबाशीं बोलणें करणें. बोलणें होतें, नवीं बोधचिन्हें छापलीं जातात व त्याला एकीकरण हें नांव मिळतें.

यांत कांहींच लाभ नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. मोठ्या क्लबांत पगारी व शिक्षण घेतलेले प्रशिक्षक येतात, दुखापतीची काळजी घेतली जाते, मुलींचे संघ पुऱ्या संख्येनें उभे राहतात, गरीब मुलांस फींत सवलत देण्याइतका निधिहि क्वचित् जमतो. परंतु त्याबरोबर फी वाढते, सामने दूरच्या शहरीं होतात आणि वर्षाच्या सुरुवातीस निवडचांचणी येते. आणखी एक फरक हळूहळू पडतो, तो हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं. पूर्वीं जो बाप शनिवारीं पहाटे उठून मैदान आंखीत असे तो आतां फी भरून कडेला उभा राहतो व मुलाला खेळण्यास वेळ कमी मिळाला म्हणून तक्रार करतो. तो क्लबाचा सेवक होता, तो गिऱ्हाईक झाला. गिऱ्हाईक दुसरें दुकान सहज शोधतें. सेवकाला आपलें घर सोडणें जड जातें.

४. बुटांच्या गांवचा धडा

आतां इंग्लंडांतील एक हकीकत सविस्तर सांगतों, कारण ती आरंभापासून शेवटापर्यंत पुरी झालेली आहे. नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत नेन नदीच्या खोऱ्यांत रश्डेन व इर्थलिंगबरो हीं दोन लहान गांवें शेजारींशेजारीं आहेत. हा सगळा मुलूख बूट व जोडे करण्याच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध. रश्डेन टाउन हा क्लब १८८९ सालचा जुना. इर्थलिंगबरो डायमंड्स हा १९४६ सालीं, महायुद्ध संपल्यावर लगेच, तरुण मुलांचें मंडळ म्हणून निघाला. दोघांनाहि मोठें वैभव नव्हतें. परंतु गांवचीं माणसें त्यांचे सामने पाहावयास जमत.

१९९२ सालीं 'डॉक्टर मार्टेन्स' बूट तयार करणाऱ्या कारखान्याचे धनी मॅक्स ग्रिग्ज यांच्या पुढाकारानें हे दोन क्लब एक झाले व रश्डेन अँड डायमंड्स असें जोडनांव धारण करते झाले. म्हणजे नांवाच्या बाबतींत हा मुळा-मुठेचा प्रकार होता. डायमंड्सच्या जागीं नेन पार्क नांवाचें देखणें क्रीडांगण उभें राहिलें. गांवें लहान आणि क्रीडांगण मोठ्या शहराला शोभणारें. क्लब पायरीपायरीनें चढत गेला. १९९९ च्या जानेवारींत एफ. ए. कपच्या सामन्यांत त्यानें लीड्स युनायटेडसारख्या बलाढ्य संघाला आपल्या मैदानावर एकहि गोल करूं दिला नाहीं. सामना बरोबरींत सुटला व फेरसामन्यांत लीड्स ३-१ असा जिंकला. २००१ सालीं, म्हणजे जन्मापासून अवघ्या नऊ वर्षांत, क्लबानें इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्यें प्रवेश मिळविला, आणि २००३ सालीं आपल्या विभागाचें विजेतेपदहि पटकावलें. एकीकरणाचे याहून गोड फळ कोणीं पाहिलें असेल?

परंतु ज्या खांबावर हें सर्व तोललें होतें तो एकच होता. २००३ सालीं त्या बुटांचें बहुतेक उत्पादन इंग्लंडांतून उठून चीनमध्यें गेलें. २००५ सालीं ग्रिग्ज यांनीं क्लब चाहत्यांच्या विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केला. प्रेक्षकांच्या तिकिटांत एवढ्या मोठ्या क्रीडांगणाचा संसार चालेना. २००६ सालीं क्लब लीगमधून खालीं आला. त्यानंतर मालक बदलले, देणें वाढलें, आणि २०११ सालीं पैशाच्या अडचणीपायीं त्याला स्पर्धेंतून काढून टाकण्यांत आलें व तो मोडला. नेन पार्कहि पुढें जमीनदोस्त झालें. १८८९ चा एक व १९४६ चा एक असे दोन दिवे एकत्र करून मोठी ज्योत लावली होती. ती विझली तेव्हां दोन्ही गांवीं एकदमच अंधार झाला.

तथापि कथा येथें संपत नाहीं. त्याच २०११ सालीं चाहत्यांनीं ए. एफ. सी. रश्डेन अँड डायमंड्स या नांवानें सभासदांच्या मालकीचा नवा क्लब काढला. पहिल्या हंगामांत मोठ्यांचा संघ उभा करणें त्यांना शक्य झालें नाहीं. मग त्यांनीं काय केलें? त्यांनीं प्रथम मुलांचा संघ मैदानावर उतरविला. एक वर्ष क्लबाचें नांव त्या मुलांनींच जिवंत ठेवलें. २०१२ सालीं मोठ्यांचा संघ खालच्या पायरीपासून खेळूं लागला. पुढें २०१७ सालीं हा क्लब हेडन रोडवर खेळावयास आला. तें मैदान म्हणजे जुन्या रश्डेन टाउनचेंच मैदान होय. इर्थलिंगबरोचा क्लब मुलांच्या मंडळापासून सुरू झाला होता, आणि सर्व ऐश्वर्य येऊन गेल्यानंतर पुनर्जन्महि मुलांच्या संघापासूनच झाला, ही गोष्ट आमच्या दोन्ही मंडळांनीं मनाशीं घोळवावी.

५. नांव आणि रंग

नांवासाठीं भांडणें हा पोरकटपणा आहे असें कांहीं वडीलधारी मंडळी म्हणतात. जगाचा अनुभव तसा नाहीं. इटालींतील जिनोआ शहरीं १९४६ सालीं साम्पिएर्दारेनेसे व आंद्रेआ दोरिया हे क्लब एक झाले. त्यांनीं दोन्ही नांवांचे तुकडे जोडून साम्पदोरिया असें नांव केलें, आणि सदऱ्यावर एकाचा निळा-पांढरा व दुसऱ्याचा पांढरा-तांबडा-काळा असे रंग एकत्र बसविले. तो सदरा त्या शहराची खूण होऊन बसला.

याच्या उलट उदाहरण १९८३ सालचें. रॉबर्ट मॅक्सवेल या धनाढ्य गृहस्थांनीं ऑक्सफर्ड युनायटेड व रेडिंग हे दोन क्लब मिळवून 'थेम्स व्हॅली रॉयल्स' असा नवाच क्लब करण्याचें जाहीर केलें. ऑक्सफर्डचे प्रेक्षक मैदानांत जाऊन बसले व सामना कांहीं वेळ सुरू होऊं दिला नाहीं. रेडिंगच्या भागांच्या विक्रीस न्यायालयांत हरकत घेतली गेली. बेत फसला. पुढें तीनच वर्षांत, १९८६ सालीं, त्याच ऑक्सफर्डनें स्वतःच्या नांवानें लीग कप जिंकला. एक झाल्यावांचून तरणोपाय नाहीं असें जें सांगितलें जातें तें दर वेळीं खरें असतेंच असें नाहीं.

आपल्या देशांत मोहन बागानचें उदाहरण ताजें आहे. १८८९ सालीं स्थापन झालेल्या व १९११ सालीं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघास हरवून शील्ड जिंकलेल्या या क्लबाचें २०२० सालीं ए. टी. के. या नव्या क्लबाशीं एकीकरण झालें. फुटबॉलच्या कंपनीचे ८० टक्के भाग ए. टी. के.च्या मालकांकडे गेले. हिरवा व किरमिजी हे जुने रंग राखले, परंतु नांवापुढें ए. टी. के. हीं अक्षरें आलीं. तेवढ्यावरून चाहत्यांनीं तीन वर्षें तगादा लावला. २०२३ सालीं संघानें इंडियन सुपर लीगचें विजेतेपद मिळविलें, तरी मागणी कायमच होती. अखेर त्याच वर्षीं तीं अक्षरें गळलीं व 'मोहन बागान सुपर जायंट' असें नांव झालें.

तिसरी एक वाट डेन्मार्कनें दाखविली. कोपनहेगनचा के. बी. हा क्लब १८७६ सालचा. १९९२ सालीं त्यानें व बी १९०३ या क्लबानें मिळून मोठ्यांचा एकच संघ, एफ. सी. कोपनहेगन, उभा केला. परंतु दोन्ही जुने क्लब पुसून टाकले नाहींत; हौशी व मुलांचे संघ जुन्या घरींच राहिले. शिखर एक, पाये दोन, अशी ही रचना झाली.

६. आमचें मत

आमच्या देशांतील १८६० सालच्या संस्था नोंदणी कायद्याच्या बाराव्या कलमांत दोन संस्थांच्या एकीकरणाची रीत सांगितली आहे. प्रस्ताव लेखी स्वरूपांत सभेच्या दहा दिवस आधीं सभासदांकडे जावा. सभेंत तीनपंचमांश मतांनीं तो मान्य व्हावा. आणि त्यानंतर एक महिन्याच्या अंतरानें दुसरी सभा भरून तेथेंहि तीनपंचमांश मतें पडावींत. आमच्या दोन मंडळांची नोंदणी झालेली नाहीं, म्हणून हें कलम त्यांना बांधीत नाहीं. तथापि त्या एका महिन्यांतील शहाणपण त्यांनीं अवश्य उसनें घ्यावें. सामना जिंकल्याच्या भरांत किंवा हरल्याच्या रागांत झालेला ठराव महिनाभर टिकतो कीं नाहीं तें पाहावें.

त्या महिन्यांत दोन्ही मंडळांनीं चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्या. एक, नव्या कार्यकारी मंडळांत प्रत्येक बाजूचे किती जण बसणार. दोन, नांव व रंग कोणते. तीन, पैसा कोठून येणार, व देणारा एकच असेल तर तो थांबल्यावर काय करणार. चार, यादींत न आलेल्या मुलांचीं नांवें. हा चौथा कागद सर्वांत आधीं लिहावा. केवळ संख्या लिहून भागणार नाहीं, नांवेंच लिहावीं. नांव लिहिलें कीं तो मुलगा डोळ्यांपुढें उभा राहतो.

आमचें स्वतःचें मत असें आहे कीं जिल्ह्याच्या स्पर्धेपुरता दोन्ही मंडळांनीं एक संघ करावा व तो एक वर्ष चालवून पाहावा. बारा वर्षांखालील मुलांचे संघ मात्र आपापल्या आळींत ठेवावे व त्यांचे आपसांतील सामने चालू ठेवावे. यादीबाहेर राहिलेल्या मोठ्या मुलांचा दुसरा संघ केलाच पाहिजे. तो होत नसेल तर एकीकरण होऊं नये. हें मत कोणाला पटलें नाहीं तर त्यानें आपलें उत्तर पुढील अंकासाठीं लिहून द्यावें. आम्ही तें आनंदानें वाचूं.

तोंपर्यंत खांब एका मंडळाचे व जाळें दुसऱ्याचें, ही व्यवस्था उत्तम चालली आहे. येत्या रविवारीं सकाळीं दोघांनींहि आपापलें सामान घेऊन वेळेवर यावें.